हे पुस्तक वाचा, असे आपण कधी म्हणणार?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही एका घरी गेलो होतो. घरातील वडीलधारे गृहस्थ, हयातभर शिक्षकी केलेले, महिन्यापूर्वी देवाघरी गेले होते आणि त्या दिवशी त्यांच्या महिन्याची मिस्सा होती. मिस्सा आटोपून ओसरीवर आलो तो एका कोपऱ्यात रद्दीवाल्याचा काटा आणि त्याच्या शेजारी पुस्तकांच्या चळती. आम्ही सहज एक पुस्तक उचलले. ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ होते. खाकी कागदाचे वेष्टण, दोऱ्याने पुन्हा शिवलेली पाठ आणि शेवटच्या कोऱ्या पानावर गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात एक यादी: पुस्तक कोणाला दिले, कधी दिले, कधी परत आले. एकोणीस नावे होती. त्यांत गावातला एक सुतार होता, दोन धर्मभगिनी होत्या, भाजीची टोपली घेऊन मुंबईला जाणारी एक बाई होती. शेवटच्या नावापुढची तारीख १९९७ सालची होती. त्याखाली पान कोरे.

गुरुजींचा मुलगा आमच्याजवळ येऊन उभा राहिला. मुलगा चांगला शिकलेला, चांगल्या नोकरीत असलेला, आईवडिलांची अखेरपर्यंत सेवा केलेला. तो संकोचून म्हणाला, “काका, यातले काय ठेवावे आणि काय द्यावे, हेच आम्हांला समजत नाही. बाबांनी सगळ्या गावाला पुस्तके दिली. मला मात्र ते कधी म्हणाले नाहीत की, हे वाच.”

त्या वाक्याने आम्ही निरुत्तर झालो आणि आज लिहीत आहोत ते त्याच वाक्यामुळे. वाचन कमी झाले, तरुण पिढी बिघडली, मोबाइलने घर गिळले, ही हाकाटी आम्ही येथे पुन्हा करणार नाही. ती प्रत्येक संमेलनात होते आणि टाळ्या घेऊन विरते. आमची तक्रार निराळी आहे आणि ती न वाचणाऱ्यांविरुद्ध नाही. ज्यांनी वाचले, ज्यांना चांगल्या पुस्तकाने आयुष्यात एखाद्या अवघड वळणावर हात दिला, त्यांनी ते पुस्तक पुढच्या माणसाच्या हाती दिले नाही. दोष असेल तर तो आपला, वाचणाऱ्यांचा आहे. आम्ही स्वतःला त्यातून वगळत नाही.

चांगल्या पुस्तकाची शिफारस करणे हा काही फावल्या वेळेचा छंद नव्हे. आपल्या श्रद्धेचा इतिहास पाहिला तर तो एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या पुस्तकांचा इतिहास आहे. इ.स. ३८६ मध्ये मिलान शहरातील एका बागेत व्याकूळ होऊन बसलेल्या ऑगस्टीनला शेजारून एका मुलाचा आवाज ऐकू आला. त्या आवाजाने त्याला समोरचे पुस्तक उचलून वाचण्यास सुचवले आणि संत पौलाच्या पत्रातील एका उताऱ्याने त्याचे जीवन पालटले. पुढे त्याने आपली जीवनकथा लिहिली. सोळाव्या शतकात ती आविलाच्या तेरेसाच्या हाती कोणी तरी दिली. देणाऱ्याचे नाव तेरेसाने नोंदवलेले नाही, परंतु पुस्तक मिळाल्याची आणि ते वाचून आपण रडल्याची नोंद मात्र तिने केली आहे. मग तेरेसाने आत्मचरित्र लिहिले. १९२१ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील एका मैत्रिणीच्या घरी ते एडिथ स्टाइन या ज्यू तत्त्वज्ञ स्त्रीच्या हाती आले आणि १ जानेवारी १९२२ रोजी तिने बाप्तिस्मा घेतला. १९४२ मध्ये ऑश्विट्झच्या छळछावणीत तिचा अंत झाला. १९९८ मध्ये ख्रिस्तसभेने तिला संत म्हणून गौरवले. ऑगस्टीन, तेरेसा आणि एडिथ यांच्यामध्ये शतकांचे अंतर आहे. ते अंतर पुस्तकाने ओलांडले आणि प्रत्येक वेळी मध्ये कोणी तरी एक सामान्य माणूस होता, ज्याने ते पुस्तक घरात ठेवले होते किंवा दुसऱ्याला दिले होते.

१५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून लोयोलाच्या वाड्यात पडून राहिलेल्या इग्नेशियसला शिलेदारांच्या शौर्यकथा हव्या होत्या. घरात त्या नव्हत्या. घरच्या माणसांनी त्याला ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या जीवनकथा आणून दिल्या. त्या घरातही केवळ शौर्यकथाच असत्या तर येशूसंघ स्थापन झाला असता का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे असेल तर नारायण वामन टिळकांचे घ्या. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या डब्यातील माणूस संकोचून गप्प बसला असता, तर मराठी ख्रिस्ती कवितेचे काय झाले असते? आपण रोज विरार लोकलमध्ये तास-दीड तास शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून प्रवास करतो. गाडीत भजने होतात, भाज्या निवडल्या जातात, लग्ने जुळतात. पण “हे वाचून पाहा” असे वाक्य त्या डब्यात आपण शेवटचे केव्हा उच्चारले?

‘ख्रिस्तपुराणा’ची कथा तर याहून बोलकी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ मराठीत रचला आणि १६१६ मध्ये तो रायतूर येथे छापला गेला. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणांच्या दिवशी तो चर्चमध्ये वाचला जाई. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ जगला. कसा जगला? मंगळूरकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या, घरात वाचल्या, पुन्हा उतरवून काढल्या. त्या हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. १९५६ मध्ये प्राध्यापक शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांनी आजच्या मराठीतील अनुवादासह तो आपल्यापुढे ठेवला. व्हाइसरॉयच्या फर्मानापुढे जे टिकले ते रद्दीवाल्याच्या काट्यापुढे टिकेल का? अकरा हजार ओव्या बोरूने उतरवून काढणाऱ्या त्या अनाम माणसांपुढे आपण कोणत्या तोंडाने सांगणार की, आम्हांला वेळ नव्हता?

येथे काही आक्षेप घेतले जातील, ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, ज्याला वाचायचे असेल तो आपले पुस्तक आपण शोधील. शिफारस करणारे तुम्ही कोण? हा आक्षेप वरकरणी उदार वाटतो, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. शिफारस कोणी करीत नाही, असे आज घडतच नाही. दुकानदार करतो, जाहिरात करते, हातातील मोबाइल तर क्षणोक्षणी करतो. कोणती चित्रफीत पाहावी, कोणते कपडे घ्यावेत, कोणाचा द्वेष करावा, याची अखंड शिफारस आपल्या मुलांना होत असते आणि ती करणाऱ्यांना त्या मुलांची नावेही ठाऊक नसतात. गप्प आहोत ते फक्त आपण, ज्यांना ती नावे ठाऊक आहेत.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. पुस्तकांच्या बाबतीत आपल्याकडे सावधगिरी हाच सद्गुण मानला गेला. १५५९ मध्ये पोप चौथे पॉल यांनी निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली आणि १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत ती रद्द होईपर्यंत, चार शतकांहून अधिक काळ, काय वाचू नये हे आपल्याला सांगितले गेले. ज्या १६१६ साली रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापले जात होते, त्याच साली रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर तो दुरुस्त होईपर्यंत बंदी घातली गेली. एकाच ख्रिस्तसभेचे हे दोन हात होते. सूची जाऊन साठ वर्षे होत आली, परंतु तिची सवय आपल्या घरांतून गेलेली नाही. मुलीच्या हातात कादंबरी दिसली की, “हे कसले पुस्तक?” असे आपण अजून विचारतो. वाईट पुस्तकांपासून मुलांना वाचवण्याची चिंता आपण वाहिली, पण चांगले पुस्तक त्यांच्या हाती पडावे म्हणून काय केले? नको त्या पुस्तकांची यादी आपल्याला तोंडपाठ असते. हव्या त्या पाच पुस्तकांची नावे विचारली तर आपण छताकडे पाहू लागतो.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, गैरसमज आहे आणि तो आपल्या धर्मग्रामांत सर्वत्र आढळतो. चांगले पुस्तक म्हणजे धार्मिक पुस्तक आणि धार्मिक पुस्तक म्हणजे आपोआप चांगले पुस्तक, हा तो गैरसमज. त्याची दोन फळे आपण भोगीत आहोत. एक म्हणजे, मुखपृष्ठावर क्रूस आणि आत चार सुविचार एवढ्या भांडवलावर कितीतरी कच्ची पुस्तके आपण चर्चच्या दारात विकली आणि विकत घेतली. ती वाचून मुलांचा समज झाला की, ख्रिस्ती पुस्तक म्हणजे कंटाळवाणे पुस्तक. दुसरे म्हणजे, मराठीतील थोर साहित्य हे ‘त्यांचे’ साहित्य आहे आणि आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही, अशी एक कुंपणवृत्ती तयार झाली. ज्या समाजाच्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीची वाट उघडली, ज्या समाजाच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, त्या समाजाने मराठी साहित्याच्या दारात पाहुण्यासारखे उभे राहावे, हे आम्हांला मान्य नाही. बाबा पदमनजी आणि रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, असे कोणी पुटपुटेल. टिळक दांपत्यही नव्हते. मग काय, त्यांची पुस्तके आपण वाचायची नाहीत? या प्रश्नातच आमचा मुद्दा सिद्ध होतो.

या बाबतीत पोप फ्रान्सिस यांनी आपल्याला एक मौल्यवान ठेवा दिला आहे. १७ जुलै २०२४ रोजी त्यांनी साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी एक स्वतंत्र पत्र लिहिले. धर्मगुरूंच्या घडणीपासून सुरुवात करून त्यांनी ते सर्वच ख्रिस्ती माणसांना उद्देशून केले. कथा, कादंबरी, कविता यांना केवळ करमणूक समजू नये, दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहण्याची आणि दुसऱ्याचे दुःख ओळखण्याची शक्ती त्यांतून येते, असे त्या पत्राचे सार आहे. तरुणपणी १९६४-६५ मध्ये सांता फे येथील येशूसंघाच्या शाळेत ते साहित्य शिकवीत. अभ्यासक्रमात जुने स्पॅनिश वीरकाव्य होते आणि मुलांना हवा होता कवी लोर्का. त्यांनी वीरकाव्य घरी वाचायला सांगितले आणि वर्गात मुलांच्या आवडीच्या लेखकांपासून सुरुवात केली. सक्तीने वाचलेले पुस्तक मनात उतरत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. २१ एप्रिल २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. त्यांच्यासाठी आपण मिस्सा अर्पण केल्या, फलक लावले. किती घरांत ते पत्र वाचले गेले?

आता आमच्या स्वतःच्या पापाचा कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी एका कवितासंग्रहाच्या प्रकाशन समारंभात आम्ही भाषण केले. शाल घेतली, श्रीफळ घेतले आणि तो संग्रह म्हणजे मराठी ख्रिस्ती कवितेतील मैलाचा दगड आहे, असे ठणकावून सांगितले. खरे तर आम्ही त्याची प्रस्तावना आणि मलपृष्ठ एवढेच वाचले होते. पंधरा दिवसांनी एक ओळखीची बाई चर्चच्या अंगणात भेटली. आमच्या शब्दावर तिने तो संग्रह विकत घेतला होता. तिने साधेपणाने विचारले, “तुम्हांला त्यातली कोणती कविता आवडली? मला काही समजेना, म्हणून विचारते.” आम्ही काय उत्तर दिले ते लिहिण्यासारखे नाही. त्या दिवशी आम्ही एका कवीचे, एका वाचकाचे आणि पुस्तकांवरील विश्वासाचे नुकसान केले. त्या बाईने पुढे पुस्तक विकत घेतले असेल का, हे आम्हांला माहीत नाही.

म्हणून सांगतो, खोटी शिफारस ही मौनाहून वाईट. आपला समाज लहान आहे. लेखक आपल्याच गावचा, कोणाचा तरी मावसभाऊ, कोणाचा तरी शिक्षक असतो. त्याचे मन राखण्यासाठी आपण प्रत्येक पुस्तकाला थोर म्हणतो आणि मग खरोखर थोर पुस्तक आले की, आपल्याजवळ त्याच्यासाठी शब्द उरत नाही. जे पुरते वाचले नाही त्याची शिफारस करू नये, आवडले त्याचे कारण सांगावे आणि उणीव दिसली तर तीही सांगावी. आपल्या लेखकाचा यात अपमान नाही. आपण त्याला गंभीरपणे घेतले, याचा तो पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट. पुस्तकाची शिफारस समुदायाला करता येत नाही, ती माणसाला करावी लागते. वैद्य चौकात उभा राहून सर्वांना एकच काढा वाटत नाही. २०१५ पासून दर वर्षी १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन पाळला जातो. शाळांत मुले ओळीने बसून पुस्तक उघडतात, छायाचित्र काढले जाते आणि पुस्तके कपाटात परत जातात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचेही आपण पेढे वाटले. दिवस पाळू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. पण कोणत्या मुलाला कोणते पुस्तक, हे त्या मुलाला ओळखणारा माणूसच सांगू शकतो.

तेव्हा नुसता उपदेश न करता आम्हीच सुरुवात करतो. पुढील पुस्तके आम्ही वाचली आहेत आणि ती कोणाला द्यावीत, हेही सांगतो.

‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलाला द्या. मुलीला नंतर द्या, आधी मुलाला. पती अचानक धर्मांतर करतो आणि पत्नीचे जग कोसळते. ती रडते, भांडते, हसते आणि शेवटी स्वतःच्या पायांनी ख्रिस्तापर्यंत चालत येते. टिळकांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी लपवलेला नाही आणि स्वतःचे सोवळेओवळेही लपवलेले नाही. शाळेत फारसे न गेलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. त्यात एकही प्रवचन नाही, म्हणून ते आपल्या अनेक प्रवचनांहून परिणामकारक आहे.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आपल्या धर्मग्राम मंडळांच्या सभासदांना द्या. ते वाचताना त्रास होईल. आपल्यात जात नाही असे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि सोयरीक जुळवताना गाव विचारतो, बोली विचारतो, कूळ विचारतो. दुसऱ्याच्या घरातील जात दिसते तेव्हा आपण दुःखी होतो. हे पुस्तक प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला आपल्या घरातलीही दिसू लागते. त्यातील काही प्रसंग उघडेवाघडे आहेत, म्हणून ते प्रौढांनी वाचावे. पण वाचावे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकाला आणि नव्या धर्मग्रामात नेमणूक झालेल्या तरुण धर्मगुरूला द्या. माणदेशातील धनगरांच्या वाडीत एक पोरसवदा मास्तर येतो आणि लोकांना शिकवता शिकवता त्यांच्याकडूनच शिकतो. दुष्काळ वाडी रिकामी करतो. लहानसे पुस्तक आहे, दोन बैठकांत संपते आणि बराच काळ मनातून जात नाही.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) ज्यांच्या वाड्यांत अजून विहीर आहे, केळ आहे, मोगरा आहे, त्यांना द्या आणि ज्यांनी वाडी विकली त्यांनाही द्या. बारा महिन्यांचे झाड, पान, पाऊस आणि आभाळ त्यात आहे. भाषा काही ठिकाणी दाट आहे. एका बैठकीत वाचू नये, महिना उजाडला की त्या महिन्याचे प्रकरण वाचावे. ज्या भूमीच्या हिरवाईसाठी वसईत माणसे रस्त्यावर उतरली, त्या भूमीत या पुस्तकाची प्रत नसावी, हे विपरीत आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घरात असेल तर ते काचेच्या कपाटातून बाहेर काढा. या भाषांतराला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये फादर धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपली छाती अभिमानाने फुगली. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले तेव्हा आपण रांगा लावून त्यांचे अंत्यदर्शन घेतले. आता त्यांची पुस्तके वाचणे एवढेच त्यांच्यासाठी करण्यासारखे उरले आहे. ‘नाही मी एकला’ हे त्यांचे आत्मकथन तरुणांना द्या. त्यांच्याशी सहमत व्हा, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांचे त्यांच्याशी मतभेद होते, परंतु मतभेद असणाऱ्यांनी तरी त्यांना वाचले होते का, याची आम्हांला शंका आहे.

मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) आहे, प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ (१९९४) मधला लंपन आहे. येथे पालक म्हणतील, आमची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यांना हे मराठी झेपत नाही. ही अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. सामवेदी किंवा वाडवळी बोली घरात, इंग्रजी शाळेत, हिंदी रस्त्यावर आणि मराठी फक्त मिस्सेत, अशी त्या मुलाची स्थिती आहे. पण मग त्याला वाचून कोण दाखवणार? आपल्या आज्या रात्री जपमाळ झाल्यावर गोष्ट सांगत. जपमाळ झाल्यावर दहा मिनिटे एक प्रकरण मोठ्याने वाचले, तर मुलाला लिपी कळण्याआधी भाषा कळेल. आणि मुलाला इंग्रजीच पुस्तक आवडत असेल तर ते चांगले इंग्रजी पुस्तक असावे, एवढे तरी आपण पाहावे. मुलाने आधी वाचक व्हावे. आपली भाषा त्याला पुढे हाक मारील, पण ती हाक मारणारा कोणी घरात असला पाहिजे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रथम कम्युनियन आणि दृढीकरण या दिवशी मुलांना पाकिटे मिळतात, पेन मिळतात, एकसारख्या भेटवस्तूंचे ढीग लागतात. धर्ममातापित्यांनी त्या दिवशी एक पुस्तक द्यावे, स्वतः वाचलेले, आतल्या पानावर मुलाचे नाव आणि ते का दिले याच्या दोन ओळी लिहून. महिन्यातील एका रविवारी, मिस्सेनंतरच्या सूचनांत, सहलीच्या आणि वर्गणीच्या सूचनांबरोबर, एका प्रापंचिकाने तीन मिनिटे एका पुस्तकाविषयी बोलावे. एका धर्मग्रामात आम्ही एक ग्रंथालय पाहिले. कपाटे सुबक होती, कुलपेही सुबक होती. किल्ली कोणाकडे आहे, हे तिघांना विचारूनही समजले नाही. अशी कुलपे असतील तेथे ती काढावीत. दहा पुस्तके हरवली तरी चालतील. कपाटात बंद राहिलेले पुस्तक हरवलेलेच असते.

त्या दिवशी गुरुजींच्या ओसरीवरून आम्ही काय केले, ते सांगून थांबतो. बाकीच्या पुस्तकांचे मुलाशी बोलून तीन भाग केले: ठेवायची, शाळेला द्यायची आणि खरोखरच रद्दीत जायची, कारण सगळीच पुस्तके ठेवण्यासारखी नसतात. ‘स्मृतिचित्रे’ आम्ही बाजूला काढले. शेवटच्या पानावर, एकोणिसाव्या नावाखाली, मुलाचे नाव आणि तारीख लिहिली आणि पुस्तक त्याच्या हातात देऊन म्हणालो, “हे वाच. पहिली तीस पाने नेटाने वाच, पुढे ते तुला सोडणार नाही.” जे त्याच्या वडिलांनी म्हणायचे राहून गेले होते, ते इतक्या उशिरा, परक्या तोंडाने.

नाताळच्या आधी त्याचा फोन आला. पुस्तक वाचून झाले होते, बायकोने आता घेतले होते आणि विसावे नाव लिहिले तसे एकविसावे लिहू का, असे तो विचारीत होता. मग थोडे थांबून म्हणाला, “काका, आता काय वाचू?”

वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न तुम्हांलाही कोणी तरी विचारणार आहे. उत्तर तयार ठेवा.